नव्या वायरी आणि शेणव्याची वाट

कल्याणहून शेणव्याला आम्ही मोटारीने गेलो होतो असे सांगितले की आमच्या आळीतल्या बायका माझ्याकडे जरा हेव्यानेच बघतात. त्यांच्या डोळ्यांपुढे वाऱ्यावर उडणारा पदर आणि मागे पळणारी झाडे येत असावीत. माझा पदर उडाला तो मोटार ढकलताना, आणि झाडे इतकी सावकाश मागे गेली की एकेका सागाची पाने मोजता आली असती. तेव्हा ज्यांना मोटारीच्या प्रवासाची हौस आहे त्यांनी हे वाचावे, आणि मग बैलगाडी ठरवावी.

आमचे डॉक्टर डोळ्यांचे. दर हिवाळ्यात भाताची झोडणी आटोपली की एखाद्या गावी मुक्काम करून ते मोतीबिंदूची ऑपरेशने करतात. हत्यारे उकळणे, थेंब घालणे, पट्ट्या बांधणे हे माझे काम. एरवी आम्ही आसनगावला आगगाडीतून उतरून बैलगाडीने पुढे जात असू. पण लढाई सुरू होण्याच्या आदल्या त्या हिवाळ्यात डॉक्टरांनी एक जुनी चार सिलिंडरची मोटार घेतली होती. ठरले असे, की एक दिवस मुरबाडला रोगी तपासायचे आणि तिथून आडव्या रस्त्याने किन्हवलीवरून शेणव्याला जायचे. शेणव्याच्या पाटलांनी शाळेची खोली रिकामी करून ठेवली होती आणि गावोगाव निरोप धाडले होते.

मोटार चांगली चालत होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे डॉक्टरांनी ते कधी कबूल केले नाही. निघायच्या आदल्या दिवशी मी हत्यारांची पेटी भरत असताना ते अंगणात बॉनेट उघडून बसले होते. जुने प्लग त्यांनी काढले होते आणि प्लगांना ठिणगी नेणाऱ्या जुन्या वायरीही.

"चालतेय ना ती?" मी विचारले.

"चालतेय. पण वायरींचं रबर कडक झालंय. रानात बंद पडली म्हणजे?"

त्यांनी चार नवे प्लग बसवले, चार नव्या वायरी जोडल्या, आणि त्या इकडेतिकडे लोंबून तापलेल्या नळीला चिकटू नयेत म्हणून टाके घालायच्या रेशमी दोऱ्याने एकत्र आवळून बांधल्या. एखाद्या मुलीची वेणी घालावी तशा. मला बोलावून ती वेणी दाखवलीसुद्धा. दिसायला सुबक होती यात शंका नाही.

मुरबाड

गोवेली मागे पडली, पहिला चढ लागला आणि मोटारीला उचकी लागली. आधी एक, मग थोड्या वेळाने दुसरी, मग चढ संपेपर्यंत उचक्याच. सगळी गाडी हिसके देऊ लागली. माझ्या मांडीवरच्या हत्यारांच्या पेटीतून खणखण ऐकू यायला लागली.

"एक सिलिंडर मिस करतोय," डॉक्टर म्हणाले.

"नव्या प्लगमुळे असेल."

"प्लग नवे आहेत."

"तेच म्हणतेय मी."

"नवी वस्तू कशी बिघडेल?" असे म्हणून त्यांनी खाली उतरून पेट्रोलची नळी साफ केली. आश्चर्य म्हणजे मोटार नीट चालू लागली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. पुढच्या चढावर मी त्यांच्याकडे पाहिले.

मुरबाडला डॉक्टरांच्या मावसभावाकडे उतरलो. तिथल्या वहिनींनी तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे वाढले. माझे माहेर वाईचे. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, आणि वाल पाहुण्याला वाढण्याइतके सोलायचे म्हटले की घरातल्या बायका कण्हतात. इथे वहिनींनी सबंध पातेले भरून वाल सोललेले होते आणि त्याचे त्यांना काहीच वाटत नव्हते. दिवसभरात मला सुख लागले ते एवढेच.

दुपारी रोगी तपासून झाल्यावर डॉक्टरांनी दारात बॉनेट उघडले, आणि निम्मे मुरबाड गोळा झाले. डोळे दाखवायला आली होती त्याहून जास्त माणसे मोटार बघायला आली. एकाने पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळले असणार असे सांगितले. दुसऱ्याने लिंबू-मिरची बांधा म्हटले. मावसभाऊ वकील असल्यामुळे त्यांनी मोटार विकणाऱ्यावर दावा लावा असा सल्ला दिला. डॉक्टर कोणाचेच ऐकत नव्हते. प्लग एकेक करून काढले, पुसले, परत बसवले. वायरी योग्य क्रमाने जोडल्या आहेत की नाही ते मोटारीच्या पुस्तकात पाहून पडताळले. क्रम बरोबर होता. मग इंजिन चालू ठेवून, लाकडी मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरने एकेका प्लगची ठिणगी तोडून पाहिली. ज्या सिलिंडरची ठिणगी तोडावी त्याचा आवाज पडे, म्हणजे चारही सिलिंडर काम करत होते. उभ्या जागी ती मोटार इतकी गुणी, की दृष्ट लागावी.

त्या संध्याकाळी मावसभावाने जे सांगितले त्याने मात्र मोटारीचा विषय मागे पडला. मुरबाडच्या बाजारात एक सुईवाला येऊन गेला होता. हे लोक गावोगाव हिंडून मोतीबिंदू उतरवतात. म्हणजे डोळ्यात सुई घालून पिकलेला मोती आत खाली ढकलतात. माणसाला त्या क्षणी दिसू लागते, तो हात जोडतो, सुईवाला पुढच्या गावी जातो. मग पुष्कळदा डोळा सुजतो, ठणकतो आणि कायमचा जातो. असे डोळे घेऊन माणसे नंतर आमच्याकडे येतात आणि डॉक्टरांना त्यांना परत पाठवावे लागते.

"कुठल्या बाजूला गेला?" डॉक्टरांनी विचारले.

"किन्हवलीकडे. शेणव्याला मोतीबिंदूचे लोक जमणार आहेत असं कुठंतरी ऐकलं म्हणाला."

म्हणजे आमचेच निरोप ऐकून तो निघाला होता.

काळूच्या पाण्यात

सकाळी गार इंजिनावर मोटार सुरेख पळाली. सरळगाव आले, तिथून किन्हवलीचा फाटा धरला, आणि रस्ता म्हणून जे काही होते ते संपून गाडीवाट सुरू झाली. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खोडे, मधूनच पेंढ्यांच्या उडव्या, आणि लांब निळसर डोंगरांची रांग. बघण्यासारखे होते, पण मी बघत नव्हते. मी उचकीची वाट पाहत होते. ती आली.

काळू नदीच्या उताराशी पाणी गुडघ्याएवढे होते. पलीकडचा काठ चढाचा, म्हणून डॉक्टरांनी जोरात घातली. ऐन पाण्यात मोटारीने दोन-तीन हिसके दिले आणि ती बंद पडली. मी पेटी डोक्यावर घेतली, लुगडे खोचले आणि काठावर जाऊन बसले. डॉक्टर हँडल मारत राहिले. शेवटी पलीकडच्या शेतातून एक शेतकरी बैलांची जोडी घेऊन आला आणि त्याने मोटार ओढून काढली. ओढताना तो आपल्या बैलांशी बोलत होता, आमच्याशी नाही.

"आता कळलं," डॉक्टर ओल्या धोतराने म्हणाले. "पाणी गेलंय."

"काल पाणी नव्हतं."

इंजिनाचा एकेक भाग कापडाने पुसून उन्हात वाळवण्यात दिवस गेला. वाळल्यावर सुरू झाली, आणि पहिल्याच चढावर पुन्हा तेच. आता तर धक्के इतके बसू लागले की ती चढेचना. मी उतरून मागून ढकलू लागले. आम्ही दुपारी शेणव्यात असायला हवे होते. दिवस मावळताना किन्हवलीच्याही अलीकडे एका वाडीत होतो. ज्या कुणब्याच्या ओटीवर रात्र काढली त्याच्या बायकोने गरम भात आणि सुकटीची चटणी पुढे ठेवली. आम्ही सुकट खात नाही हे मी त्या दिवशी बोलून दाखवले नाही, आणि डॉक्टरही मुकाट्याने जेवले.

जेवताना मी म्हटले, "उद्या बैलगाडी करू."

"उद्या मी ती दुरुस्त करतो."

"तो माणूस तिथं पोचला असेल हो."

"माहीत आहे मला," ते म्हणाले, आणि ताटावरून उठले.

किन्हवलीच्या पुढे

दुसऱ्या दिवशी बैलगाडी मिळाली नाही. सगळ्या गाड्या भात घेऊन गेल्या होत्या. सकाळी थोडे अंतर मोटार बरी चालली, किन्हवली ओलांडली, आणि मग एका लांब चढाच्या मध्यावर तिने हाय खाल्ली. डॉक्टरांनी प्लगांची अदलाबदल केली. पहिल्याचा तिसऱ्यात, तिसऱ्याचा पहिल्यात. प्लग खराब असेल तर खोड त्याच्याबरोबर दुसरीकडे जाईल, असा त्यांचा हिशेब होता. खोड गेली नाही. कार्बुरेटर उघडला, फुंकला, बंद केला. मोटार उभी असताना एकसुरात चाले आणि चढाला लावली की ठसके देई.

मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसले होते. इतकी चिडले होते की रडूही येत नव्हते. तेवढ्यात समोरून एक म्हातारी झपाझप येताना दिसली. अंगावर घोंगडी, हातात काठी. मोटारीपाशी थांबून तिने आधी डॉक्टरांकडे आणि मग माझ्याकडे बघितले.

"डोल्यांचा डागतर तुमीच का?"

"हो," मी म्हटले. "तुम्ही कुठल्या?"

"शेणव्याच्या पल्याडची. ठकी माझं नाव. आमचा म्हातारा शालेपाशी बसलाय दोन दिस. गोमा. डोले गेलेत त्याचे. लोक बोलतात डागतर येत नाय. तो सुईवाला येऊन बसलाय वडाखाली. म्हातारा बोलला, मी जातो त्याच्याकडं. मी बोलले, जराशी कल काढा, मी डागतराला घेऊन येते. आन पहाटंच निघाले."

"कोणाला सुई घातली त्याने?" डॉक्टरांनी बॉनेटमधून डोके वर काढले.

"काल एका बाईला घातली. सिद्धगडाच्या बाजूची हाय, भाऊ घेऊन आला व्हता तिला. तिला बोटं दिसली. तवापासून सगले तिकडंच बघतात."

डॉक्टरांचे हात काळे झाले होते, आणि ते धोतराला पुसून त्यांनी धोतरही काळे केले होते. पुन्हा वाकून ते इंजिनाकडे टक लावून बघू लागले. कालपासून मी हेच बघत होते, आणि माझा तोल गेला.

"काय दिसतंय तुम्हाला इतक्या उन्हात? कोणी रोगी आला तर आधी मला खिडक्या लावायला सांगता. उजेडात डोळ्याच्या आतलं दिसत नाही म्हणता. मग ठिणगी कशी दिसणार?"

मी हे चिडून बोलले होते, सुचवायचे म्हणून नाही. पण डॉक्टर सावकाश सरळ झाले आणि ठकीच्या घोंगडीकडे बघत राहिले.

मग असे झाले. डॉक्टर गाडीत बसले, मोटार गियरमध्ये घालून त्यांनी ब्रेक दाबून धरला आणि चढावर ओढताना इंजिनाला जेवढा जोर लागतो तेवढा लावला. मी आणि ठकीने घोंगडी बॉनेटवर तंबूसारखी धरली आणि पंख्यापासून लांब राहून बाजूने आत डोकी घातली. आत मिट्ट काळोख, धूर, लोकरीचा वास आणि कानठळ्या. पहिल्यांदा मला काहीच दिसले नाही.

"काजवा हाय गो बाई," ठकी माझ्या कानाशी ओरडली. "तो बघा. नाय तिकडं, इकडं, दोरीपाशी."

आणि मग मलाही दिसला. वायरींच्या त्या सुबक वेणीच्या मधोमध, रेशीम जिथे सर्वांत घट्ट आवळले होते तिथे, एक निळा ठिपका एका वायरीतून दुसरीत उडी मारत होता. मोटारीने ठसका दिला की ठिपका, ठिपका की ठसका.

"मोटार बंद करा," मी ओरडले. "नाही, बंद करू नका. तुम्हीच या बघायला."

पण ब्रेक दाबायला कोणीतरी हवे होते. मी त्यांच्या जागी जाऊन दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, ते मला काय करायचे नाही ते सांगत सांगत घोंगडीत शिरले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा चेहऱ्यावर काजळी होती आणि त्या काजळीखाली ते लाजलेले होते, असे मला वाटते.

"एकमेकींना चिकटल्यात," ते म्हणाले. "जोर लावला की ठिणगी आपल्या प्लगकडे न जाता शेजारच्या वायरीत घुसते. उभी असताना जोर नाही, म्हणून दिसत नव्हतं. या वायरींचं रबरही हलकं निघालं."

"बांधल्या कोणी?"

"पेटीतली बारीक कात्री दे."

मी ती दिली नाही. रेशमाची ती वेणी मी स्वतः कापली. एकेक गाठ. ठकीने कुंपणातून कारवीच्या काड्या मोडून आणल्या आणि वायरी एकमेकींपासून लांब राहाव्यात म्हणून आम्ही त्या मधे अडकवल्या. दिसायला ते सगळे कावळ्याच्या घरट्यासारखे झाले. डॉक्टरांनी हँडल मारले, आम्ही तिघे बसलो, आणि मोटार तो चढ एकही ठसका न देता चढून गेली. ठकी जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसली होती. ती दोन्ही हातांनी दार धरून समोर बघत होती आणि मधूनमधून म्हणत होती, "लवकर हाका. म्हातारा माझा आयकत नाय."

"कोणाचाच ऐकत नाही," मी म्हटले.

शेणवा

वडाखाली सुईवाल्याची चटई पसरलेली होती, आणि चटईशेजारी गोमा बसला होता. पुढचा नंबर त्याचाच होता. ठकी मोटार थांबायच्या आत उतरू लागली, मी तिला धरले. उतरल्याबरोबर तिने जाऊन गोमाचा दंड पकडला.

"उठा. डागतर आलाय."

"नाय उठत," गोमा म्हणाला. पांढरे झालेले दोन्ही डोळे त्याने आमच्या दिशेने वळवले. "गाडीवाल्यानं सांगलं मला. ह्याची मोटार बैलांनी ओढली नदीतून. दोन दिस रस्त्यात मोटार खोलून बसलाय. ज्याला आपली मोटार नीट करता येत नाय, त्याच्या हातात मी माजा डोला देऊ?"

कोणी हसले नाही. लोकांना त्याचे म्हणणे पटलेले दिसत होते. मला विचाराल तर मलाही ते पटले.

"केली की नीट," ठकी म्हणाली. "मी बघितली ना. आत काजवा शिरला व्हता, माज्या घोंगडीत डोकं घालून ह्यानं काढला. मंग मी तिच्यात बसून आले."

"काजवा?"

"व्हय. निला."

डॉक्टरांनी तोंड उघडले. मी त्यांच्या पायावर पाय दिला. मग गोमा ठकीच्या खांद्याला धरून उठला. त्याच्या मागून बाकीचेही एकेक करून उठले.

सुईवाल्याने भांडण केले नाही. चटई गुंडाळता गुंडाळता तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमी टायमावर आला असता तर मला इथं बसायला कोणी सांगलं नसतं." डॉक्टरांनी त्या सिद्धगडाच्या बाजूच्या बाईची चौकशी केली. ती त्याच सकाळी, दिसू लागले म्हणून आनंदाने भावाबरोबर परत गेली होती. डॉक्टरांनी माणूस पाठवला, पण त्याला ती वाटेत भेटली नाही. तिचे पुढे काय झाले ते आम्हाला कळले नाही. त्यानंतर दोन दिवस डॉक्टर कामापुरतेच बोलत होते, आणि मोटारीचे नाव मीही काढले नाही.

ऑपरेशने शाळेच्या खोलीत झाली. खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. पुढचा आठवडाभर पट्ट्या बांधलेली माणसे भाताच्या पेंढ्यावर ओळीने निजलेली असत आणि त्यांना हलू न देणे हे माझे काम. गोमा सर्वांत अवघड. त्याला खाज येई, त्याला बिडी हवी असे, त्याला वासराचा आवाज ऐकून उठायचे असे. ठकी उशाशी बसून त्याच्यावर ओरडे. मी नाचणीची भाकरी खायला आणि ओरडायला तिच्याकडूनच शिकले.

पट्टी सोडली त्या दिवशी डॉक्टरांनी त्याच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा बसवला आणि बोटे दाखवली. त्याने ती बरोबर सांगितली. ठकी समोर होती. तिच्याकडे बघून तो नुसता मान हलवत राहिला, आणि तिने घोंगडीच्या टोकाने नाक पुसले. मग तो म्हणाला, "ती मोटार कुठं हाय?"

आम्ही त्याला बाहेर नेले. तो मोटारीभोवती एक फेरी मारून आला. मडगार्डवर हात ठेवला, चाकाकडे वाकून पाहिले, मग मागे होऊन पुन्हा सगळी पाहिली.

"आवाजावरनं मला मोठी वाटली व्हती," तो म्हणाला.

डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. कल्याण सोडल्यापासून मी हसले नव्हते, ते सगळे तेव्हा हसून घेतले.

शहापूरमार्गे परत निघायची आमची तयारी चालू असताना ती दोघे घराकडे निघाली. आंधळेपणाच्या वर्षांत काठीचे एक टोक ठकीच्या हातात असे आणि दुसरे गोमाच्या, ती पुढे आणि तो मागे, असे मला पाटलांनी सांगितले होते. आज तिने सवयीने काठी पुढे केली. त्याने ती घेतली नाही. बांधावरून तो एकटा पुढे निघाला, खाली न बघता, आडव्या आलेल्या फांद्या बाजूला सारत, तरण्या माणसासारखा झपाट्याने.

"अवो, हलू चाला," ठकी मागून ओरडत होती. "डागतरानं काय सांगलंय तुमाला?"

तो थांबला नाही. ती ओरडत ओरडत त्याच्या मागे पळू लागली, काठी तशीच पुढे धरून. माळाच्या पलीकडे दोघे दिसेनाशी झाली तरी तिचा आवाज ऐकू येत होता.